धुतलेला नकाशा

सांगलीच्या मार्केट यार्डात धनपालअण्णा मगदूम यांचं हळदीचं दुकान आहे, पण त्यांचा जीव जुन्या नकाशांत. गोऱ्या दर्यावर्दींची जहाजं आपल्या किनाऱ्याला नुकती लागायला लागली होती, त्या काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले हे कागद. त्यांत कोकण वाकडंतिकडं आणि सह्याद्री वारुळांसारखा. मुंबई-पुण्याचे लिलाव अण्णांनी पालथे घातले, तरी दाभोळ दाखवणारा एक डच नकाशा काही हाती लागत नव्हता.

तो दिसला खंडाळ्याजवळच्या एका खेड्यात, निवृत्त सुभेदार लालासाहेबांच्या घरी. कोचीनला नेमणूक असताना तिथलं एक जुन्या पुस्तकांचं दुकान मोडत होतं. सुभेदारांच्या पत्नीनं, शालूबाईंनी, तो तिथून हौसेनं घेतला होता. छापल्यावर कुणीतरी हातानं रंगवलेला. समुद्रात एक जहाज, त्याची शिडं गुलाबी. आता शालूबाई नव्हत्या.

"इकायचा न्हाई," लालासाहेब म्हणाले. "पण काच फुटलीया. तुमी जाणकार हाय, चांगली फ्रेम करून आणा."

सांगलीला आल्यावर अण्णांना कागदावरचा ओलीचा तपकिरी डाग खुपायला लागला. नुसत्या काळ्या छपाईचे नकाशे त्यांनी आधी पाण्यात धुतले होते आणि ते छान उजळले होते. रंगवलेला कागद असला की ओला बोळा टेकवून रंग सुटतो का ते बघायचं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण सुभेदार बघतच राहतील, या भरात त्यांनी नकाशा सरळ ट्रेमधल्या पाण्यात सोडला.

त्यांच्या पत्नी चंदनबाला चहा घेऊन आल्या. "आवं, पाणी गुलाबी कशानं झालंय?"

कागद बाहेर काढला तेव्हा रेघा राहिल्या होत्या. डागही राहिला होता.

पुण्याच्या एका जाणकारानं सांगितलं, रंग नवा भरता येईल, पण तो जुना नसेल. अण्णा खंडाळ्याला गेले. बरोबर स्वतःचा सगळ्यात लाडका नकाशा घेतला. जे घडलं ते सगळं सांगितलं आणि तो पुढं ठेवला.

लालासाहेबांनी चष्मा लावून आपल्या कागदाकडं बराच वेळ बघितलं. मग अण्णांचा नकाशा मागं सरकवला. "ह्यो तुमचा तुमाला ऱ्हाऊ द्या." आपला त्यांनी स्वतः भिंतीला लावला.

"दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं," घरी परतल्यावर अण्णा चंदनबालांना म्हणाले.

पुढं फोन होत राहिले. पावसापाण्याचं, उसाचं बोलणं व्हायचं. नकाशाचं नाव लालासाहेबांनी कधी काढलं नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

अण्णा भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. एका पाहुण्यानं भिंतीकडं बघत विचारलं, "हा असा फिका कशानं पडला?"

"उन्हानं," लालासाहेबांची मुलगी सृष्टी म्हणाली. "बाबा सगळ्यांना हेच सांगायचे."

अण्णांना बोलायचं होतं. तेवढ्यात चहा आला, आणखी माणसं आली, आणि ते तसेच उठले.