खर्जाची जोडी

ओदिलिया साकालशोतच्या अंगणात पेरूच्या काठ्या वर्षभर वाळत असतात. मारिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, चौघा-पाचांनी मिळून वाजवायचं वाद्य; शेला शहराच्या आसपास त्याच्या काठ्या बांधाव्यात तर तिनेच. कच्च्या रबराची पट्टी ताणून ती काठीच्या टोकाला वेढत जाते, मध्येच तो गोळा स्वतःच्या गालाच्या हाडावर टकटक वाजवते. बारीक सुरांना लहान, कडक गोळा; खर्जाला मोठा, मऊ. भलतं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ परत पाठवते.

फक्त लिसांद्रोला, थोरल्या भावाला, तिला कधी नाही म्हणता आलं नाही. वडिलांच्या मारिंबावर चाळीस वर्षं तो बारीक सुरांपाशी उभा. गेली तीन वर्षं मात्र दर खेपेला एकच म्हणणं, "अजून कडक." त्याचे कान मंदावलेत हे तिला कळत होतं. तरी ती बांधत राहिली. परवा चर्चसमोर वाजवता वाजवता वडिलांनी घडवलेली लाकडी पट्टी उभी चिरली आणि सोबत वाजवणारे भाचे म्हणाले, जत्रेत मामा असेल तर आम्ही नाही.

दुसऱ्या दिवशी लिसांद्रो आलाच.

"पट्टी जुनी होती गं ओदे. या वेळी दगडासारखा बांध."

"दगडच ने की. अंगणात ढीगभर आहेत."

तिने पुढ्यात एक जोडी ठेवली.

"हे काय, काठ्या की भोपळे?"

"खर्जाच्या."

"खर्जापाशी पोरं शिकायला उभी करतात!" त्याचा आवाज चिरकला. "तूही मला हाकलतेस?"

"दादा," ती त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "तुला ऐकू येत नाही, हे मी तीन वर्षं बोलले नाही. कडक बांधत गेले. पट्टी मी फोडली."

त्याने ती जोडी उचलली. मग उठून ओसरीतल्या जुन्या मारिंबापाशी गेला आणि खर्जाच्या पट्टीवर एक ठोका दिला. पट्टीखालची पोकळ पेटी घुमली, पायाखालची फळी थरथरली.

"ऐकू आलं?"

"पोटात आलं," तो म्हणाला, आणि पुन्हा वाजवलं. आणखी एकदा.

मग त्याने दोन्ही गोळे आळीपाळीने गालाच्या हाडावर टेकवले, अगदी तिच्यासारखे.

"डावा कडक झालाय. दोन वेढे सोड. जत्रेत माझी शोभा करायचीय का?"

ओदिलियाने काठी घेऊन गालाला लावली. खरंच कडक होता.