घास खाली ठेव!

मशीनखाली चिंध्या कशा साठतात, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. कापताना लक्षात येत नाही, झाडताना टाकवत नाहीत, आणि एक दिवस बघावं तर गोधडीपुरता ढीग झालेला असतो. आमच्या घरातल्या चुकलेल्या शब्दांचे किस्से असेच साठले. चार मित्र बसले की म्हणतात, "भीमराव, तुमच्या मास्तरांचं काहीतरी सांगा!" मी सांगतो. ते हसतात. मीही हसतो, पण थोडा उशिरा.

मास्तर म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा. बेळगावात मराठी शाळेत शिकवायचे. मी चौथीत शाळा सोडली आणि घराच्या ओसरीवर शिलाईचं मशीन टाकलं. घर एकच. आई, अण्णा, वहिनी, मी आणि पुढे माझी बायको गंगा. वहिनींना मूलबाळ नव्हतं.

अण्णांनी घरात एक नियम केला होता. जेवताना ज्याचा शब्द चुकेल, त्यानं हातातला घास ताटात ठेवायचा. तो शब्द पाच वेळा नीट म्हणायचा, मगच जेवायचं. "घास खाली ठेव!" अण्णा ओरडायचे नाहीत. वर्गात म्हणावं तसं शांतपणे म्हणायचे. त्यानं जास्तच भीती वाटायची.

*

नियमाला भीक न घालणारं माणूस एकच, आई. म्हातारी म्हणून ती आमच्याच पंगतीला बसायची. एकदा ती म्हणाली, "उद्या खानापूरला जायचं हाय, मला ठेसनापातूर सोड."

अण्णा म्हणाले, "आई, घास खाली ठेव. स्टेशन."

"ठेसन."

"स्टे-शन."

आईनं घास तोंडात घातला, नीट चावला, गिळला आणि म्हणाली, "तू तुझ्या स्टेशनात जाऊन बस बाबा. माझी गाडी ठेसनातनं सुटती!"

सगळे हसले. अण्णासुद्धा हसले. आईला सगळं माफ होतं.

*

मला नव्हतं. एकदा एक वकीलसाहेब काळ्या कोटाचं माप द्यायला आले. मी म्हणालो, "अर्जंड पाहिजे काय?" अण्णा आत दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ओसरीवर आले.

"अर्जंट. म्हण."

गिऱ्हाईक समोर, गळ्यात टेप, आणि मी पाच वेळा अर्जंट म्हणालो. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, कोट यांच्याकडून शिवून घेतो, भाषण तुमच्याकडून घेईन!"

अण्णांना ते कौतुक वाटलं. वकीलसाहेब त्यानंतरही यायचे, पण अण्णा शाळेला गेल्याची खात्री करून.

*

माझं लग्न झालं. गंगा चिकोडीकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी कानडीच बोलायचे. मराठी तिला समजायची, बोलायचीही, पण भ, ध, घ असले पोटातून काढायचे शब्द तिच्या जिभेवर हलके व्हायचे.

वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. वहिनींनी रीतीप्रमाणे दार अडवलं, "नाव घे, मग आत ये!" पोरीनं वाटेत पाठ केलेला उखाणा घेतला आणि शेवटी म्हणाली, "...बीमरावांचं नाव..."

बायका खळखळून हसल्या. तिथं संपायला हवं होतं. पण अण्णा मागून वहिनींना म्हणाले, "तिला सांग, भी. श्वास सोडून. पुन्हा म्हणू दे."

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा बीमराव. ऊन डोक्यावर आलेलं, खाली फरशी तापलेली. पाचव्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. मी मुंडावळ्या सारख्या करत बसलो.

शेवटी आई आतून आली. "आरं, मी त्याला जलमापासनं भिम्या म्हणते, ती बीमराव म्हणती. माझ्यापेक्षा मानानंच बोलावती की! घे आत पोरीला, पाय भाजाय लागल्यात तिचं."

*

गंगा वाढायला लागली आणि नियम वाढणाऱ्यालाही लागू झाला. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "बाकरी देऊ?"

अण्णांनी ताटावर हात आडवा धरला. वहिनींना म्हणाले, "नीट विचारलं तर घेईन."

ती विचारत राहिली. तव्यावरची दुसरी भाकरी करपल्याचा वास आला. हातातली निवून गेली. अण्णा आमटी-भात खाऊन उठले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. भाकरी हातावर घेऊन समोर उभी राहायची आणि नुसती बघायची. ज्याला हवी त्यानं मान हलवावी.

महिन्यानं अण्णा समाधानानं म्हणाले, "बघा, महिनाभरात एकही चूक नाही. सुधारली!"

*

बोलावं लागलंच तर ती अवघड शब्दाला वळसा घालून जायची. शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "आज काय केलंय गं जेवायला?"

भात म्हणायचं नाही, कढी म्हणायचं नाही. गंगा जरा थांबली आणि म्हणाली, "तांदळाचं. आणि त्याच्यावर ओतायचं पिवळं."

काकू वर्षभर आमच्या कढीला पिवळं म्हणत होत्या. मला विचारायच्या, "काय टेलर, आज पिवळं झालं का?"

माझ्याशी ती बोलायची. दार लोटून, हळू आवाजात, आपल्या पद्धतीनं. मला ते गोड लागायचं. पण तसं तिला मी कधी सांगितलं नाही.

*

एकदा शाळेत गोरा इन्स्पेक्टर आला. अण्णांनी त्याच्यापुढे इंग्रजीत रिपोर्ट वाचला. एका शब्दाला साहेबानं हात वर केला. पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग साहेब हसला, आणि साहेब हसला म्हणून पोरं हसली. हे आम्हाला काकूंच्या मुलाकडून कळलं. तो त्याच वर्गात होता.

त्या संध्याकाळी अण्णा ताटावर बसले, पण वर बघेनात. आईचे दोन शब्द चुकले, माझा एक. कुणालाच "घास खाली ठेव" नाही. गंगा भाकरी घेऊन त्यांच्यापुढे थांबली, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. अण्णांनी मुकाट हात पुढे केला.

मागचं आवरताना वहिनी मला म्हणाल्या, "लई दिवसांनी आज सगळी पोटभर जेवली बघा."

मला वाटलं, आता सुटलो. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "आजपासून पाच नाही, दहा वेळा!"

*

वसंता झाला. दीड वर्षाचा असताना वाटी पुढे करून म्हणाला, "दूद."

घरात पहिलाच शब्द. आईनं त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. अण्णा मात्र ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसले. कुणाचं वाईट करावं असं त्यांच्या मनात नव्हतं, हे मी आजही सांगेन.

"भीमा, मुलाची जीभ कोवळी असते. जसं ऐकेल तशी वळेल. तू शिंपी राहिलास, तो राहू नये. तो नीट बोलायला लागेपर्यंत तिनं त्याच्याशी बोलू नये. कानडी तर नाहीच. आजोळीही नको."

मी मशीन चालवत होतो. पायाखालची पट्टी थांबवून "नाही" म्हणायला किती वेळ लागला असता? मी शिवण संपवली, दोरा तोडला आणि म्हणालो, "बरं."

गंगेला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तेव्हापासून वसंताला बोलवायचं असलं की ती हातातल्या बांगड्या दोनदा वाजवायची. पोरगं कुठंही असलं तरी पळत यायचं. गोष्टी त्याला वहिनी सांगायच्या. ती शेजारी बसून त्याचे केस विंचरायची.

नीट बोलायला लागेपर्यंत, असं ठरलं होतं. तो तीन वर्षांचा असताना नीट बोलायला लागला. पण नियम उठला असं कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

*

पिरनवाडीकडून एक नवा गवळी दूध घालायला यायला लागला. पंधरा दिवसांनी तो मशीनपाशी टेकून मला म्हणाला, "टेलर, राग मानू नगासा. तुमची मालकीण मुकी हाय व्हय?"

मी म्हणालो, "न्हाय रं. मास्तराच्या घरातली हाय."

*

वसंता वक्तृत्वात पहिला आला. विषय होता, मातेची थोरवी. अण्णांनी महिनाभर तयारी करून घेतली होती. एकेक शब्द घासून पुसून लावलेला. आम्ही सगळे ऐकायला गेलो. बायका मागच्या बाकांवर. पोरगं तेरा वर्षांचं, पण सभा गप्प केली त्यानं. मातेच्या मुखातून आपण पहिले शब्द शिकतो, असं काहीतरी तो म्हणाला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघून कोटाची गुंडी चाचपत होतो. ती पक्की होती.

बक्षीस घेऊन झाल्यावर हेडमास्तरांच्या बाई गंगेपाशी आल्या. "काय वाटलं हो मुलाचं भाषण ऐकून?"

गंगेनं वसंताच्या पाठीवर हात ठेवला आणि हसली.

अण्णा कौतुकानं म्हणाले, "आनंदानं बोलताच येईना तिला!"

*

आता शेवटचा. हा मी मित्रांना फारसा सांगत नाही.

वसंताला चिकोडीच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. बावीस वर्षांचा होता. आई तोवर गेली होती. अण्णा पेन्शनीत निघालेले, दम्यानं बेजार. ते घरीच थांबले. वसंताला मोटारीत बसवून द्यायला मी आणि गंगा गेलो. तिच्या हातात फराळाची पिशवी.

मोटार सुटायला वेळ होता. शेजारी पानांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तीही चिकोडीलाच निघालेली. तिनं गंगेच्या लुगड्याची नेसण बघितली आणि विचारलं, "यावूरव्वा?" म्हणजे, कुठल्या गावची गं बाई?

गंगेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बोल की."

तिनं गावाचं नाव सांगितलं. म्हातारीनं कुणाचं तरी नाव काढलं. गंगेनं त्यापुढचं काढलं. मग ती बोलायलाच लागली. मला कानडी बाजारापुरतीच येते, अर्धंच कळत होतं. विहीर, कुणाची तरी मारकी म्हैस, जत्रेत हरवलेली चुलती. म्हातारी हसून हसून मांडीवर थाप मारत होती. आणखी दोन बाया सामान ओढत जवळ आल्या. गंगेनं मान ताठ केली, एक बोट वर धरलं आणि कुणाची तरी नक्कल केली. कुणाची ते मला कळलं. चौघी पदर तोंडाला लावून हसल्या!

मग तिनं वसंताकडे बोट केलं. तो पहिल्यांदा चालला तो दिवस सांगितला. गोवर आला तेव्हाच्या सात रात्री सांगितल्या. तो काय खातो, कशानं त्याचं पोट दुखतं, सगळं सांगितलं. आवाज मोठा, मोकळा, हात हवेत. म्हातारीनं वसंताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात त्या?" वसंतानं मला विचारलं.

"जेवायची अडचण झाली तर माझ्याकडं ये म्हणती."

मोटार सुरू झाली. वसंता आणि म्हातारी आत बसले. गंगा खिडकीला हात लावून म्हातारीशी बोलतच होती. वसंता फराळाची पिशवी मांडीवर धरून नुसता तिच्याकडे बघत होता. मोटार हलली तसा तो खिडकीतून माझ्याकडे वाकला.

"आबा," तो म्हणाला, "आई एवढं बोलते?"