दोन खाचरांवरचं नाव

वकिलातीतल्या खिडकीमागच्या गोऱ्या साहेबाने माझ्या लेकीचं पत्र वाचलं, जावयाचा पगाराचा दाखला बघितला आणि शेजारच्या दुभाषाला काहीतरी विचारलं. दुभाषा मला म्हणाला, "बाई, इकडे तुमच्या नावावर काय आहे?"

मी म्हटलं, "नावावर कशाला लागतंय? भाऊ आहे की माझा."

साहेबाला त्याचा काही उपयोग नव्हता. नवरा रेल्वेत होता, तो वारला. क्वार्टर सोडावं लागलं. कर्जतला भिसेगावात भाड्याच्या खोलीत राहते. पेन्शन बेताचं. एकुलती एक लेक, ती अमेरिकेत. हे सगळं मी खरं खरं सांगितलं, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की मी परत यावं असं ह्यात काहीच नाही. साहेबाच्या जागी मी असते तर मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. राग आला तो मात्र आलाच.

लेकीचं पहिलं मूल आठव्या महिन्यात गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलू नको म्हणून सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तिचा फोन यायचा. बोलायची कमी, रडायची जास्त. "आई, तू ये गं," एवढंच. माझा जीव टांगणीला लागलेला आणि ह्या वकिलातवाल्यांना हवा होता कागद, ज्यावर माझं नाव आहे असा.

तसा कागद एके काळी होऊ शकला असता. खालापूरच्या बाजूला माझं माहेर. वडील गेल्यावर त्यांच्या भातशेतीला वारस लागले, भाऊ आणि मी. आमच्याकडे बहीण अशा वेळी हक्कसोड करून देते. सरकारी कचेरीत जायचं, माझा हिस्सा मी भावाला सोडला म्हणून सही करायची, भावाने साडी नेसवायची, घरी पुरणपोळी खायची. मीही केलं. कारकून म्हणाला होता, "बाई, समजून सही करा हां." त्यात काय समजायचंय, असं मला वाटलं. जमीन घेऊन मी काय करणार होते? माहेर राहिलं की सगळं राहिलं.

आणि राहिलंही. दर वर्षी झोडणी झाली की भाऊ स्वतः यायचा. नव्या भाताचे तांदूळ जुन्या धोतरात बांधून, गाठोडं खांद्यावर टाकून. किती आहेत ते त्यालाही ठाऊक नसायचं. दारातूनच ओरडायचा, "आक्का, चा टाक गं!" चहा बशीत ओतून प्यायचा, भावजयीच्या तक्रारी सांगायचा, आणि जाताना मीच त्याला दटावायची, "आता बस कर रं, मला एकटीला किती लागतात?" वर्षभर मी दुकानाच्या तांदळाकडे बघायची नाही.

व्हिसा नाकारल्यावर मी चौक गावावरून एस.टी.ने माहेरी गेले. ओटीवर बसून भावाला म्हटलं, "दोन खाचरं माझ्या नावावर कर. कागदापुरतं रं. आले की परत करते."

भावजय चुलीपासून उठून दारात आली. "वन्सं, कागदापुरतं म्हनूनच मागतात सगळे."

"अगं, मी काय खाणार आहे का तुमची जमीन?"

"तुमी नाय खानार. जावई हायेत ना तुमाला."

मला इतका संताप आला की तांब्यातलं पाणी न पिता उठले. भावाने हात धरून बसवलं. "बस गं. पोरीचं बघायचं का ह्ये बघायचं?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर कचेरीत आला. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही. तो नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. भांडण मिटवता येतं.

दुसऱ्या खेपेला साहेबाने सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर उलटंसुलटं बघितलं. दुभाषाने विचारलं, "तुम्ही गेल्यावर शेत कोण बघणार?"

"भाऊ. त्याचंच..." एवढं तोंडातून गेलं. बाकीचं गिळलं आणि म्हटलं, "त्याचंच शेत लागून आहे. तो बघेल."

व्हिसा मिळाला. नात झाली, सुखरूप झाली. पहिल्या आंघोळीला मी तिला पायांवर घेतलं तेव्हा लेक अंथरुणावर पडल्या पडल्या हसत होती. त्या एका गोष्टीसाठी मी आणखी दहा कचेऱ्या पालथ्या घातल्या असत्या. आजही घालीन.

भात कापायच्या आधी मी परत आले. भावासाठी लोकरीचा स्वेटर आणला होता, आमच्याकडे थंडी ती केवढी, पण आणला. झोडणी झाली. मी रोज चहाचं आधण जरा जास्तच ठेवत होते.

एके दुपारी दाराशी टेंपो थांबला. अनोळखी गडी उतरला. त्याने शिवलेली दोन पोती आत आणून टाकली. "तुमच्या खाचरांचं भात. कसनाऱ्याचं अर्धं काढून मोजून दिलंय. मिळालं म्हनून सही करा."

"भाऊ नाही आला?"

"मला एवढंच सांगितलंय."

मी सही केली. दुसरं काय करणार? स्वेटर त्याच्याबरोबर पाठवून दिला.

चारच दिवसांनी खालापूर गाठलं आणि खाचरं भावाच्या नावावर परत करून दिली. तोही आला होता. कारकुनासमोर शेजारी शेजारी उभे राहिलो. स्वेटर त्याच्या अंगात नव्हता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चल, चहा घेऊ."

"उशीर होतोय," तो म्हणाला. "तुमाला गाडी हाय आता. निघा तुमी."

जन्मात मला कधी तुम्ही म्हणाला नव्हता.

पुढच्या वर्षी टेंपो आला नाही. भाऊही आला नाही. पोत्यांतल्या भाताचे तांदूळ संपल्यावर मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. तो बघतच राहिला. "काय हो, ह्या वर्षी भावाचे तांदूळ नाही आले?"

"नीट तोलून द्या," मी म्हटलं.