पाठमोरा फोटो

ह्या फोटोत माझ्या नवऱ्याचा चेहरा नाही. शोधू नका.

पाठमोरे उभे आहेत ते. पांढरा शर्ट, ढगळ झालेली पॅन्ट. समोर दगडात कोरलेली महापरिनिर्वाणाची बुद्धमूर्ती.

त्यांच्या शेवटच्या ट्रिपचा माझ्याकडे एवढा एकच फोटो आहे.

आज वर्ष झालं ह्यांना जाऊन.

पॅनक्रियाजचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर सरळच बोलले. "आता ट्रीटमेंटचा फार उपयोग नाही. कुठे जायचं असेल तर लगेच जाऊन या."

हे म्हणाले, "श्रीलंका. सगळं बेट गोल फिरायचं."

कोलशेतच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केल्या ह्यांनी. दिव्याला चाळीत राहत होतो तेव्हा नाइट करून आले की आधी पाण्याचे हंडे भरायचे, मग झोपायचे. नंतर कल्याणला वन बीएचके घेतला. ह्या सगळ्यात फिरायला कधी गेलेलोच नाही आम्ही.

सहा दिवसांची टूर घेतली. बॅगेत पेजेचे तांदूळ, मेतकूट आणि छोटा राइस कुकर. दुसरं काही पचतच नव्हतं त्यांना.

मला तिथून एकच गोष्ट आणायची होती. आमचा दोघांचा एक फोटो.

गाल बसल्यापासून हे कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचे.

"हे थोबाड कशाला जपून ठेवतेस, सुनंदा?"

"मला पाहिजे. जसं आहे तसं पाहिजे."

"नंतर काढू."

नंतर कसलं डोंबलाचं! पण तीन दिवस हेच चाललं. चहाचे मळे गेले, धबधबे गेले, व्हॅनमध्ये उशीला टेकून हे सगळं बघत होते. फोटो नाही म्हणजे नाही.

चौथ्या दिवशी ह्या मूर्तीपाशी आलो. ह्यांनी पायांपासून डोक्यापर्यंत मूर्ती बघून घेतली. मग स्वतःहून म्हणाले, "चल, काढ तुझा फोटो."

मी मोबाइल वर धरला. मागे मूर्ती, पुढे आम्ही दोघं.

आणि हसले हो! कितीतरी दिवसांनी दात दिसले त्यांचे.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

गार्ड धावत आला. "नो बॅक! नो बॅक टू बुद्धा! डिलीट! डिलीट!"

तिकडे मूर्तीकडे पाठ करून फोटो काढत नाहीत. आम्हाला कुठे माहीत! आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, सगळे मूर्तीपुढेच ओळीने उभे राहतात आणि कॅमेऱ्यात बघतात. आमच्या लग्नाचा पहिला फोटोसुद्धा तसाच आहे.

हे घाबरून म्हणाले, "सॉरी सर. वी आर ऑल्सो बुद्धिस्ट."

तो म्हणाला, "देन यू शुड नो."

दर्शनाला आलेली पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. ह्यांची मान खाली गेली ती वर येईना. मी गार्डच्या समोरच फोटो डिलीट केला.

हे म्हणाले, "अठ्ठावन्न वर्षं पाठ दाखवली गं आपण त्याला."

"गप बसा हो. आपल्याकडे चालतं."

ते वळले. मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून उभे राहिले. तेव्हा मी मागून हा फोटो काढला.

मग मी काय करावं? दुसरा काढू या म्हणावं ना! तर मी रुसले. आहेच मी तशी, माझ्या माहेरच्यांना विचारा. व्हॅनमध्ये बसल्या बसल्या बोललेच, "पहिल्या दिवशी काढू दिला असता तर ही वेळ आली असती का?"

दुसऱ्या दिवशीचा रस्ता पूर्ण समुद्राच्या कडेने होता. मी खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

ते म्हणाले, "सुनंदा, समुद्र बघ."

मी म्हणाले, "तुम्हीच बघा."

त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या. एअरपोर्टवर व्हीलचेअर. घरी न जाता सरळ ठाण्याला हॉस्पिटल. फोटोच्या एकोणिसाव्या दिवशी गेले.

जलदान विधीला ठेवायला फोटो हवा होता. मी प्रत्येकाला विचारत फिरले, कोणाकडे ह्यांचा अलीकडचा फोटो आहे का? नव्हता. शेवटी कंपनीचं आयकार्ड मोठं करून हार घातला. गोबरे गाल, काळी मिशी. मला तो माणूस ओळखीचा वाटेना.

एक फोटो होता आणि मी तो डिलीट केला, हे मी कोणालाच सांगितलं नाही. लाज वाटत होती. बौद्ध असून बुद्धापुढे असं ऐकून घेतलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दोन महिन्यांनी माझ्या ऑफिसातल्या प्राचीजवळ मन मोकळं केलं. ती म्हणाली,

"मॅडम, डिलीट केलेला फोटो तीस दिवस मोबाइलमध्येच असतो. परत आणता येतो."

तीस दिवस.

म्हणजे हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी बसले होते तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता. आयकार्ड मोठं करायला दुकानात गेले तेव्हाही होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तेच झालं माझं.

लाज सोडून एकाला जरी सांगितलं असतं, तर ते हसू आज माझ्याकडे असतं. गार्डवर राग नाही माझा. माझ्यावरच आहे, आणि तो काही जायचा नाही.

आज संध्याकाळी घरी पुण्यानुमोदन आहे. वंदना झाली की कोणीतरी म्हणेलच, चला, मूर्तीपुढे उभे राहा, एक फोटो काढू.

मी उभी राहणार नाही. रागावू नका.

अहो, मी समुद्र बघायला पाहिजे होता.

तुमच्या सुनंदाची आदरांजली. जय भीम.