बेकायदा काम करणारी व्यक्ती

प्राध्यापकाने आत्याला ‘पूर्वग्रहदूषित’ म्हटलं ते एका रविवारी दुपारी, तिनेच चिरून आणलेली काकडी खाता खाता.

“पूर्वग्रह म्हणजे?” आत्याने विचारलं. “कुठला ग्रह हा? शनीच्या अलीकडे की पलीकडे?”

सगळे हसले. प्राध्यापक हसला नाही. तो माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. कॉलेजात शिकवतो, आणि तास संपल्याची घंटा त्याला घरी ऐकू येत नाही.

“पूर्वग्रह म्हणजे माणसाला नीट पाहायच्या आधीच त्याच्याबद्दल मत ठरवून टाकणं.”

“मग मी नंतर ठरवलंय. बावीस वर्षं पाहून. त्याला काय म्हणतात तुझ्यात, उत्तरग्रह?”

आत्याचं म्हणणं साधं होतं. कागद न करता सरहद्द ओलांडून जे येतात त्यांना कामावर ठेवू नये, आल्या वाटेने परत पाठवावं. हे ती कुजबुजत म्हणत नसे आणि ओरडतही नसे. मीठ संपलंय, आणायला हवं, अशा सुरात म्हणे. त्या सुराचाच प्राध्यापकाला जास्त राग येई.

“ती माणसंच आहेत, आत्या.”

“मी कुठे मांजरं म्हटलं? बरं, तुझ्याकडे फरशी पुसायला येते तिचं आडनाव काय रे?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“कागद आहेत का तिचे?”

“मी असले प्रश्न विचारत नाही कोणाला. अपमानास्पद आहे ते.”

“आणि पगार किती देतोस हे विचारलं तर? तोही अपमान?”

त्याची बायको, आमच्या वहिनी, पाणी आणायला उठल्या. पाण्याचा जग भरलेलाच होता. प्राध्यापकाने विषय इतिहासाकडे वळवला. तिथे त्याला कोणी पगार विचारत नाही.

आत्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईघरात काम करते. वर पाहुणे ज्या चादरीवर झोपून उठतात ती खाली तिच्याकडे येते. चादर धुतली की दमट असतानाच रोलरमध्ये घालायची. रोलर म्हणजे माणसाच्या मांडीएवढा जाड, तापलेला, गरगर फिरणारा लोखंडी दंडगोल. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, एकदा झटकायची, कड सरळ करायची आणि एकाच क्षणी यंत्राच्या तोंडात द्यायची. एकीने अर्धा श्वास उशीर केला की चादर तिरकी जाते आणि सुरकुती कायमची बसते. या कामात बोलणं नसतं, डोळ्याला डोळाही नसतो. समोरचीचा श्वास ओळखावा लागतो. आत्याचा श्वास त्या तळघरात सगळ्यांना पाठ होता.

ती या देशात आली ती लग्नानंतर नऊ वर्षांनी. आतोबा आधी आले होते. तिचे कागद व्हायचे होते. नऊ वर्षं ती तिकडे एका कपड्यांच्या दुकानात इस्त्री करत राहिली आणि दर काही महिन्यांनी कचेरीच्या रांगेत उभी राहिली. फोटोत कान दिसत नाहीत म्हणून अर्ज परत. सही चौकटीबाहेर गेली म्हणून परत. सगळ्यात जास्त दिवस गेले ते बोटांच्या ठशांपायी. इस्त्री करणाऱ्या बाईच्या बोटांची टोकं गरम कापडाने घासून गुळगुळीत होतात, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी. यंत्र तिचा अंगठा घेईना. दोनदा तिला सांगितलं, तुमची ओळख पटत नाही. तिसऱ्या खेपेला एका कंटाळलेल्या कारकुनाने करंगळी ठेवायला लावली. इस्त्रीला करंगळी लागत नाही. तिच्यावर रेषा शिल्लक होत्या. त्या रेषांवर आत्या या देशात आली.

तिची शेजारीण मात्र दुसऱ्याच वर्षी दलालाच्या मालमोटारीत बसून इकडे पोचली होती. आत्या रांगेत असताना तिला इकडून शेजारणीच्या मुलांचे फोटो येत. आत्याला मूल झालं नाही. या दोन गोष्टी तिने माझ्यासमोर कधी शेजारी ठेवल्या नाहीत. मला त्या आईने सांगितल्या, दोन वेगवेगळ्या दिवशी.

“दार आहे ना? मग दारात थांबायचं. मी थांबले,” एवढंच आत्या म्हणे. या वाक्याला पूर्वग्रह म्हणणारा माणूस आयुष्यात कधी रांगेत उभा राहिलेला नसतो. त्याच्यासाठी उभं राहायला कोणीतरी असतं.

धुलाईघराचा मालक तर प्राध्यापकाहून उदार. त्याने जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली होती: ‘इथे सर्वांचं स्वागत आहे.’ त्या पाटीखालून दोन वर्षांपूर्वी दोन जावा आत आल्या, थोरली आणि धाकटी, दोघी बिनकागदी. मालकाने त्यांचं स्वागत निम्म्या पगारावर केलं. कागदवाल्या बायका यंत्रावर बोट ठेवून हजेरी लावत. या दोघींची नावं मालक एका कच्च्या वहीत लिही. मग कागदवाल्यांचे दिवस कमी झाले. सहाचे पाच, पाचाचे तीन. कोणी कुरकुर केली की मालक पाटीकडे बोट दाखवी. “अगं, मन मोठं ठेवा जरा.” अकरा बायकांच्या चार राहिल्या. सातजणींच्या पोटावर पाय देऊन मालकाचं मन मोठं झालं होतं, त्यामुळे त्याला ते फार हलकं वाटत असावं.

आत्याच्या बाजूने बोलणारा एकच होता, दारावरचा रखवालदार.

“बरोबर बोलता ताई. मी तर ह्या लोकांना वासावरनं ओळखतो.”

“स्वतःचा येतो का रे कधी?”

“अहो, मी तुमच्याच बाजूने बोलतोय!”

“तेच तर वाईट वाटतंय मला.”

त्याला कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. कागद सोन्याच्या फ्रेममध्ये घालून आणले असते तरी त्याला वास आलाच असता. अशा माणसाने आपल्याला हो म्हटलं की आपण काय म्हटलं ते पुन्हा तपासून पाहावं. आत्याने त्याच्याशी बोलणं टाकलं, पण तपासून काही पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात नवी आली. चाळिशी ओलांडलेली, किडकिडीत, बोलताना शब्दांची शेपटं गिळणारी. तिची हजेरी पहिल्याच दिवशी कच्च्या वहीत गेली. आत्याने ते पाहिलं आणि मनात तिसरी रेघ ओढली. नवी कामाला वाघीण होती. रोलरवर आत्यासमोर उभी राहिली आणि अर्ध्या तासात तिचा श्वास जुळला. आत्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढं चांगलं काम येतं आणि तरी चोरवाटेने आली!

त्याच आठवड्यात आत्याचे दिवस तिनाचे दोन झाले. मग तिने कामगार कार्यालयातून तक्रारीचा फॉर्म आणला. त्यात मधोमध एक मोठा रकाना होता: ‘बेकायदा काम करणाऱ्या व्यक्तीचे नाव.’ खाली पाच ओळी. आत्याने स्वयंपाकघरात बसून तीन भरल्या. थोरली, धाकटी, नवी. तक्रार लागली की नाव असलेल्यांना आधी गाडीत घालून नेतात आणि चौकशी मागाहून करतात, हे तिला माहीत होतं. फॉर्म द्यायला ती मंगळवारी दुपारनंतर जाणार होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नवी कपडे ठेवायच्या फळीशी बसून मोबाइल उघडत होती. अंगठा लावला. पुसला. पुन्हा लावला. मग वैतागून आकडे दाबले.

“घेत नाही का?” आत्याने विचारलं.

“कुठेच घेत नाही हो ताई. वीस वर्षं इस्त्री केली, घासून गेलं सगळं.” तिने हात पुढे केला. “इथलं यंत्रही घेईना. मालक म्हणाले, यंत्र घेत नाही तोवर वहीत राहा, आणि वहीत आहेस तोवर पगार वहीचा.”

आत्याच्या हातातला घास हातात राहिला.

“तुझे कागद आहेत?”

“म्हणजे काय!” नवीने पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, तिच्यातून घड्यांवर झिजलेला कागद. तो आत्याच्या कागदापेक्षा चार वर्षं जुना होता.

त्या तळघरात ही चूक दुसरी कोणी केली असती तर मी काही म्हटलं नसतं. रखवालदाराने केली असती तर तो त्याचा धंदाच होता. पण जिची स्वतःची ओळख दोनदा पटली नव्हती, जी रोज सकाळी त्याच यंत्रावर करंगळी टेकवून आत येत होती, तिने वहीतल्या नावावरून दुसरीचा न्याय केला. याला मात्र पूर्वग्रहच म्हणतात. प्राध्यापकाला शब्द माहीत होता, फक्त तो कुठे लावायचा ते माहीत नव्हतं.

“करंगळी लाव,” आत्या म्हणाली.

“काय?”

“यंत्रावर. करंगळी लाव. घेतं ते.” आणि ताट तसंच ठेवून ती बाहेर पडली.

तिसरं नाव तिने कार्यालयाच्या जिन्यात खोडलं. मग पहिली दोन पाहत तिथेच उभी राहिली. थोरली-धाकटीचे कागद नव्हते, त्या बाबतीत आत्या चुकली नव्हती. त्या दारातून आल्या नव्हत्या, हे तिचं मत तेव्हाही बदललं नाही आणि आजही बदललेलं नाही. पण वहीत नवीला कोणी घातलं, हा प्रश्न जिन्यात तिच्यासोबत उभा होता. तिने तीही दोन नावं खोडली आणि खाली एकच लिहिलं.

खिडकीतल्या कारकुनाने चष्मा वर केला. “हे कोण?”

“मालक.”

“बाई, इथे कामगाराचं नाव लिहायचं. बिनकागदी असतो त्याचं.”

“असं कुठे लिहिलंय? वाचा ना. ‘बेकायदा काम करणाऱ्या व्यक्तीचे नाव.’ बेकायदा काम तो करतो. त्या बायका चादरी धुतात. चादरी धुणं बेकायदा आहे का?”

“अहो, तसा अर्थ नाही त्याचा.”

“मग मालकाचं नाव लिहायचा रकाना कुठला?”

कारकुनाने फॉर्म उलटा केला, सुलटा केला. तसा रकाना नव्हता. ज्याने तो फॉर्म छापला त्याला चोराने नेलेल्या कपड्याचं नाव हवं होतं, चोराचं सुचलंच नव्हतं. मागे रांग खोकायला लागली. शेवटी, रकाना रिकामा नाही एवढं पाहून कारकुनाने शिक्का मारला.

तपासणी गुरुवारी होईल, हे कारकुनानेच तिला सांगितलं होतं. आत्याने बुधवारीच दोघी जावांना रोलरमागे बोलावून सांगितलं.

“मालकावर तक्रार दिलीय मी. उद्या माणसं येतील. तुमची नावं दिली नाहीत, पण दिसलात तर नेतील.”

थोरलीने तिला अशी शिवी घातली की धाकटीने तोंडावर हात ठेवला. “तुझं काय वाकडं केलं होतं गं आम्ही?”

“माझे चार दिवस नेलेत.”

“ते मालकाने नेले!”

“तुमच्या हातांनी. मला शिव्या दे तेवढ्या दे, पण उद्या येऊ नकोस.”

फळीवरच्या आपल्या चपला धाकटीने उचलल्या, तळ एकमेकांवर आपटून झटकले आणि पिशवीत घातल्या.

गुरुवारी माणसं आली. कच्ची वही सापडली, मालकाला दंड झाला, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पाटी काढली. स्वागत परवडेनासं झालं होतं. आत्याचे सहा दिवस परत आले. नवीची हजेरी वहीतून यंत्रावर आली.

पुढच्या रविवारी प्राध्यापक म्हणाला, “शेवटी दोघींच्या पोटावर पाय आलाच ना, आत्या?”

“आला. माझा. मी नाही म्हणत नाही. तू ठेव त्यांना कामावर. पुऱ्या पगारावर. कागद मी विचारणार नाही.”

“आत्या, आमचं घर लहान आहे गं.”

“घर नाही रे लहान,” आत्या म्हणाली आणि काकडीचं ताट त्याच्यापासून उचलून माझ्यापुढे ठेवलं.

तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारपासून, रोलरवर आत्या आणि नवी पुन्हा समोरासमोर होत्या. श्वास जुळत होते, चादरी सरळ जात होत्या. करंगळी सुचवल्याबद्दल नवी तिला रोज दुवा देई. आत्याला ते चारच दिवस सोसलं. पाचव्या दिवशी, चादर हातात असताना, ती म्हणाली, “तुझंही नाव लिहिलं होतं मी. त्या फॉर्मात. मंगळवारी दुपारपर्यंत होतं.”

नवीने चादर सोडली नाही. कड सरळ केली, यंत्राच्या तोंडात दिली, चादर पूर्ण आत जाईपर्यंत थांबली. मग विचारलं, “का?”

“तू वहीत होतीस.”

“विचारायचं होतंत.”

“हो.”

नवी त्या दिवशी चादरींच्या शेवटच्या गाड्यापर्यंत काम करून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मालकाकडून टॉवेलांचं काम मागून घेतलं. टॉवेल रोलरमध्ये जात नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी नसलेल्या भिंतीशी, एकटीने उभं राहून घडी करायची असते.

आत्यासमोर आता रोज वेगळी बाई असते. चादरी तिरक्या जातात.