कोर्स पूर्ण करणाऱ्यांचा निकाल

लोंढे मॅडमनी केमोचा कोर्स अर्धवट सोडला म्हणून त्या गेल्या, असं लोक म्हणतात.

उलटं आहे. त्या जायला लागल्या होत्या, म्हणून कोर्स अर्धवट राहिला.

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये मॅडम मॅथ्स शिकवायच्या, मी केमिस्ट्री. भूकंपानंतरच्या वर्षांत गल्लोगल्ली क्लासेस निघाले, त्यातलाच एक आमचा.

मालकांनी गेटवर पाटी लावली होती : 'दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचा निकाल सर्वोत्तम!'

पहिल्याच मीटिंगला मॅडमनी विचारलं, "सर, कच्ची पोरं मधीच सोडून जातात. उरतात ती मुळातच हुशार. मग ह्यात आपलं काय?"

मालक म्हणाले, "मॅडम, चहा घ्या."

पाटी तशीच राहिली. मॅडमही.

पुढं खूप वर्षांनी कॅन्सर निघाला. नांदेडला डॉक्टरांकडं मी आणि त्यांची मुलगी प्राची सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, सगळे केमो पूर्ण करणारे पेशंट जास्त जगतात, तसा स्टडी आहे.

मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. "सर, ही तर आपल्या गेटवरची पाटी."

मग डॉक्टरांना विचारलं, "जे मधीच वारले, ते कोणत्या गटात धरले?"

"पूर्ण न करणाऱ्यांत."

"म्हणजे मेलेल्या माणसानं सोडलं म्हणायचं? पूर्ण करायला आधी जगावं लागतंय की हो."

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "बरोबर आहे, अशी तुलना करायला नको. पण औषध घ्या."

"घेणारच. औषधाशी भांडण न्हाई माझं, पाटीशी हाय."

एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. शेवटी शरीर साथ देईना, तेव्हा डॉक्टरांनीच केमो थांबवले.

आज वर्ष झालं. अहमदपूरला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. जेवताना मॅडमच्या थोरल्या बहिणीनं प्राचीला म्हटलं, "तू जरा नेटानं कोर्स पुरा करून घेतला असतास, तर जगली असती गं."

प्राचीनं ताट बाजूला सारलं. वर्षभर ती हेच ऐकते आहे.

मला राग आला. तिथंच बसून मावशींना सगळं सांगितलं, पाटीसकट.

मावशींनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी तिनं सोडलं न्हाई?"

"न्हाई मावशी. अन् प्राचीनं पण सोडू दिलं न्हाई."

मावशींनी ताट परत प्राचीपुढं सरकवलं.

मॅडम, तुमचा कोर्स आम्ही पूर्ण धरलाय.

गणितात हे बसत नाही, माहीत आहे. चहा घ्या.

जयभीम.