मास्तरांचा नारळ

मोठ्या दुष्काळानंतरचा तो श्रावण. धुळ्याच्या वृद्धाश्रमात येऊन मला वर्ष होत आलं होतं आणि देवापुढे हात जोडणं मी सोडूनच दिलं होतं. पारोळ्याच्या घरी आयुष्यभर कानबाई बसवली. पण घर पुतण्याचं झालं, तेव्हा देवीही त्याच्याकडेच राहिली असं मी धरून चालले होते. माझं एक वेळ ठीक, पण शेजारच्या खाटेवरच्या अक्काकडे पाहवत नसे. तिचा मुलगा तिला शिंदखेड्याहून आणून सोडून गेला, तेव्हापासून ती कुणाशी एक अक्षरही बोलली नव्हती. दोन घास खाऊन ताट सरकवायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि माझ्या बडबडीचा काही उपयोग होत नव्हता.

एका रविवारी, कोकणातून नुकतेच बदली होऊन आलेले चित्रकलेचे एक मास्तर आमचं मन रमवायला आले. त्यांनी कागद आणि कुंचले वाटले. म्हातारपणी पुन्हा बिगरीत बसवता का, असं मी त्यांना विचारलंसुद्धा. बघून काढायला समोर काहीतरी हवं म्हणून त्यांनी चौरंगावर लाल फडकं अंथरलं आणि त्यावर पिशवीतला नारळ ठेवला. त्यांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. पण तो नागपंचमीनंतरचा रविवार होता. आमच्या खानदेशात त्याच दिवशी, अशाच चौरंगावर, नारळाला नाकडोळे काढून कानबाई बसवतात. दोघीतिघींनी डोक्यावर पदर घेतला.

अक्का उठली. कागद तसाच ठेवून कुंचला घेऊन सरळ नारळापाशी गेली. त्यावर डोळे काढले, मग नथ.

"माय उनी," ती म्हणाली. आई आली! मला रडू आवरेना.

मग काय विचारता! कुणी गेरूने भिंत रंगवली, कुणी कागदाची फुलं केली, मी बेसूर का होईना गाणी म्हटली. अडलं ते रोटापाशी. कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. आणि आमच्यात तर कुणाचं कूळ कुणाशी जुळेना. अक्काने कोठीतले गहू मागवले. घरी करतात तशी, एकेकाच्या नावाने मूठ भरून ती सुपात टाकू लागली.

"आते आपन बठ्ठा भाऊबंद शेतस." झालो सगळे एका कुळाचे!

मास्तर रंग आवरून निघाले होते. अक्काने पुन्हा मूठ भरली आणि त्यांना विचारलं, "तुनं नाव काय शे, भाऊ?"

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. याला योगायोग म्हणा की कृपा, मी वाद घालत नाही. घर सुटलं की देवी सुटते असं मला वाटत होतं. कुठे बसायचं ते तीच ठरवते, एवढं मला कळलं, आणि तेव्हापासून मी काही न मागता हात जोडते. आता दर श्रावणात नारळ मास्तरच आणतात, आणि सुपात पहिली मूठ अक्का त्यांच्या नावाची टाकते.